गोदावरीच्या मागं मागं: धर्माबादहून विशाखापट्टणम

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दरवर्षी एकदा तरी फळ्यावर गोदावरी काढावी लागते. डावीकडं त्र्यंबकेश्वरचा ठिपका, मग पैठण, गंगाखेड, नांदेड, आणि पुढं उजवीकडं एक लांब बाण. बाणाच्या टोकाला लिहायचं ‘बंगालचा उपसागर’. लांबी १४६५ किलोमीटर. मुलं ते वहीत उतरवून घेतात. मी मात्र त्या बाणाच्या वाटेनं कधी गेलेच नव्हते.

आमचं गाव धर्माबाद, नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या सीमेवर. गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा इथून जवळच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणं १ जुलैला त्याचे चौदाही दरवाजे वर जातात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत वरच राहतात. ऐन पावसाळ्यात, नदी भरून वाहत असताना, ते पाणी आम्ही काठावर उभं राहून नुसतं जाताना बघतो. दोन वर्षांपूर्वी आईला तिथं घेऊन गेले होते. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “एवढं पानी जातंय तरी कुठं गं?” मी समुद्राचं सांगितलं. “तू बघितलीस का?” म्हणाली. त्या प्रश्नावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ही सहल तिथंच ठरली.

खरा गोदावरीचा मुखाचा प्रदेश राजमहेंद्रीच्या खाली आहे. पण आई सत्तरीची, पोरगं सहावीत, यांना जेमतेम सहा दिवसांची रजा. राहायची, फिरायची सोय होईल आणि समुद्रही पोटभर बघता येईल असं शहर हवं होतं. नांदेडहून विशाखापट्टणमला थेट गाडी आहे. दुपारनंतर निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवते. रोज नसते, तेव्हा वार बघूनच बेत ठरवा. आम्ही दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटी निघालो. सोयाबीन घरात आलं होतं, हरभरा पेरून झाला होता.

गाडीतला दिवस

आदल्या रात्री नांदेडला बहिणीकडं मुक्काम केला आणि तिथूनच गाडीत बसलो. आपलं गाव खिडकीतून मागं पळताना बघायची पोराची हौस होती. धर्माबाद मागं पडलं की लगेच बासरच्या पलीकडं गोदावरीचा पूल लागतो. बंधाऱ्याचे दरवाजे खाली येऊन दोन आठवडे झाले होते. आईनं पदराच्या गाठीतून दोन रुपयांचं नाणं काढलं, खिडकीच्या गजातून खाली सोडलं आणि बासरच्या सरस्वतीला हात जोडले.

मग निजामाबाद, सिकंदराबाद, आणि झोप. राजमहेंद्री आली तेव्हा बाहेर अंधारच होता. मी मुद्दाम गजर लावून उठले होते. पूल सुरू झाला आणि संपेचना. इथं गोदावरीचं पात्र जवळजवळ तीन किलोमीटर रुंद आहे. खाली काळं पाणी, त्यात पलीकडच्या पुलावरच्या दिव्यांच्या लांबच लांब रेघा. आईला उठवलं. तिचा विश्वासच बसेना. “ही आपली गंगा?” आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिनं दुसरं नाणं शोधेपर्यंत पूल अर्धा झाला होता, तरी टाकायला वेळ मिळाला, एवढा तो लांब.

दिवस पहिला: वाळूवरची पाणबुडी

हॉटेलची खोली समुद्राकडं तोंड करून आहे असं फोनवर सांगितलं होतं. खिडकी उघडली तर शेजारच्या इमारतीची भिंत. भांडत बसलो नाही, कारण चालत पाच मिनिटांवर रामकृष्ण बीच होता. रामकृष्ण मिशनच्या आश्रमावरून त्याला हे नाव पडलं. इथं सगळे त्याला आर. के. बीच म्हणतात.

आईनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो रस्ता ओलांडताना, वाहनांच्या गर्दीत. कठड्यापाशी जाऊन ती थांबली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: “आवाज थांबत नाही का याचा?” रात्री झोपताना सुद्धा तिनं हेच विचारलं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आर. के. बीचवर पोहू नका. किनारा झपकन खोल होतो आणि लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. आपण कोरड्या मुलखातली माणसं, नदीत पोहता येत असलं तरी समुद्राची ओढ आपल्या अंगवळणी नाही. पावलं भिजवायची, बस्स. पाण्यात उतरायचंच असेल तर ऋषिकोंडाला जा. तिथला किनारा ‘ब्लू फ्लॅग’ या स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांच्या मानांकनाचा आहे, नेमून दिलेल्या जागेत जीवरक्षक असतात. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो आणि पोरगं तासभर बाहेर निघायला तयार नव्हतं.

बीचवरच ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी आहे. १९६९ साली नौदलात आली, २००१ला निवृत्त झाली, आणि पुढच्याच वर्षी वाळूवर ओढून आणून तिचं संग्रहालय केलं. सोमवारी बंद असतं. लांबी जवळजवळ ९१ मीटर, म्हणजे आमच्या शाळेचं मैदान सुद्धा पुरणार नाही. पण आत माणसाला खांदे चोरून चालावं लागतं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं ते गोल भोकातून, आधी पाय टाकून मग डोकं काढायचं. आईला जमणार नाही असं मला वाटलं होतं. तिनं नऊवारीचा काष्टा वर खोवला आणि माझ्या आधी पलीकडं गेली.

माहिती सांगणारे गृहस्थ नौदलातूनच निवृत्त झालेले होते. एकावर एक टांगलेल्या फळ्यांवर झोपायचं, खाली टॉर्पेडो. पण आमची सगळ्यांची पावलं अडली ती एका वाक्यावर. ते म्हणाले, इथं गोडं पाणी मोजून मिळायचं, पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं, अंघोळीचं नाव काढायचं नाही. आई माझ्याकडं वळून म्हणाली, “बघ, समुद्रात राहून टँकरची वाट.” २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी धाकटी बहीण लातुरात होती. घागरी मोजून दिवस काढणं काय असतं ते आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रस्त्यापलीकडं टीयू-१४२ विमान आहे. नौदलाचं हे टेहळणी विमान २९ वर्षं उडालं, २०१७पासून लोकांना आतून बघता येतं. पोराला पाणबुडीपेक्षा विमान आवडलं. १९७१च्या युद्धाचं ‘व्हिक्टरी अ‍ॅट सी’ स्मारकही इथंच. ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी त्या डिसेंबरात याच किनाऱ्यापाशी बुडाली.

संध्याकाळी मुरी मिक्श्चर खाल्लं. मुरमुरे, कांदा, टोमॅटो, शेंगदाणे, वर लिंबू. आपल्या भेळेची सख्खी बहीण, फक्त चिंचेचं पाणी नाही.

दिवस दुसरा: बंदर आणि सिंहाचलम

आईचं माहेर तेलंगणातल्या बोधनकडचं, त्यामुळं तेलुगू तिला घरची. धर्माबादच्या बाजारात निम्मा व्यवहार तेलुगूतच चालतो. पण इथं तिनं तोंड उघडलं की समोरचा माणूस हसून विचारायचा, “तेलंगाणा आ, अम्मा?” कारण ती ‘कुठं’ला ‘एड’ म्हणते आणि इथले लोक ‘एक्कड’. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिनंही ‘एक्कड’ म्हणायला सुरुवात केली होती.

पहाटे साडेपाचला मासेमारी बंदरावर गेलो. एप्रिलच्या मध्यापासून ६१ दिवस या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, एरवी रोज पहाटे लिलाव होतो. बोटीतून टोपल्या उतरत होत्या, जमिनीवर बर्फ, पाणी, खवले. लिलाव पुकारणारे पुरुष होते, पण घेणाऱ्यांत बायकाच जास्त. कमरेला पिशवी, पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ तयार. एका बाईनं वंजरमची, म्हणजे आपल्या सुरमईची, टोपली बोलीत धरली. आकडा चढत गेला. ती शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही, फक्त हनुवटी किंचित वर करायची. टोपली तिला मिळाली. मग तिनं कल्ल्यात बोट घालून बघितलं, लाल आहे ना, आणि टोपलीवर मुठीनं मीठ-बर्फ टाकून उचलली. आमच्या मिरचीच्या बाजारात माझी मामी अशीच मिरचीची देठं मोडून बघते. आई त्या बाईशी दोन मिनिटं बोलली. काय बोललीस, विचारलं तर म्हणाली, “तिला तीन पोरी हायत. दोघी शिकायल्यात.”

बंदराच्या पलीकडं ‘डॉल्फिन्स नोज’ नावाची टेकडी समुद्रात नाक खुपसून उभी आहे. तिच्या बाजूचा भाग अजूनही ‘सिंदिया’ म्हणून ओळखला जातो, कारण १९४१ साली इथं जहाज बांधायचा कारखाना काढला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीनं. इथंच बांधलेलं ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते १४ मार्च १९४८ला पाण्यात उतरलं. समुद्र नसलेल्या गावातला माणूस जहाजं बांधायला एवढ्या लांब आला, हे पोराला मी दोनदा सांगितलं.

सिंहाचलम शहरापासून जवळ, डोंगरावर आहे. वराह लक्ष्मीनरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली झाकलेली असते, दिसतो तो चंदनाचा गोलसर आकार. फक्त अक्षय तृतीयेला लेप काढून मूळ रूपाचं दर्शन देतात. आमचं कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह, त्यामुळं आईसाठी ही जागा म्हणजे दिवाळीच. विजयनगरचा कृष्णदेवराय इथं येऊन गेल्याचे शिलालेख मंदिरात आहेत. रांगेत दीड तास गेला. आई उभीच राहिली, मध्ये बसायला सांगितलं तर ऐकलं नाही.

कैलासगिरीला रोपवेनं गेलो. वरून किनाऱ्याची लांब वळणदार रेघ दिसते, त्यासाठीच जायचं. बाकी बाग आणि शंकर-पार्वतीचे भव्य पुतळे, सहलीला आलेल्यांची गर्दी. अर्धा तास पुरे.

जेवणात गोंगुऱ्याची चटणी आली. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच. आईनं एक घास खाल्ला आणि म्हणाली, लसूण कमी आहे.

दिवस तिसरा: अराकू

सकाळची किरंदुलची गाडी. काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा हवा असेल तर आरक्षण फार आधी करावं लागतं. आम्हाला साधा डबा मिळाला आणि त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, कारण दार-खिडक्या उघड्या असतात. ही लाइन छत्तीसगडातल्या बैलाडिलाच्या खाणींतलं लोहखनिज बंदरापर्यंत आणायला टाकली. कोत्तवलसा ते किरंदुल या पूर्ण मार्गावर ५८ बोगदे आहेत. पोरानं मोजायला सुरुवात केली आणि प्रत्येक बोगद्यात अख्खा डबा ओरडायचा, त्यात त्याचा आकडा चुकायचा. शिमिलिगुडा स्टेशन समुद्रसपाटीपासून जवळजवळ हजार मीटर उंच. समुद्राला हात लावून आलेली माणसं चार तासांत स्वेटर शोधत होती.

अराकूत उतरल्यावर मी चाट पडले ते एका साध्या गोष्टीनं. सगळ्या उतारांवर पिवळीधमक शेतं. लोक गाड्या थांबवून त्यात फोटो काढत होते. आईनं एक फूल तोडून चुरगाळलं, वास घेतला. “अगं, हे तर कारळं!” आमच्या जेवणात कारळाची चटणी नाही असा आठवडा जात नाही. आमच्याकडं कारळं धुऱ्याला, तुरीच्या कडेला दोन ओळी पेरायचं पीक. इथं अख्खा डोंगर कारळ्याचा. तिथल्या एका आदिवासी बाईला आईनं तेलुगूत विचारलं, चटणी करता का? बाईनं सांगितलं, तेल काढतो. मग दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. नोव्हेंबरात गेलात तर हा रंग नक्की बघायला मिळेल, नंतर शेतं काढणीला येतात.

कॉफीचे मळे सिल्व्हर ओकच्या सावलीत, त्याच खोडांवर मिरीचे वेल. अराकूच्या कॉफीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बांबूच्या पोकळीत तेल न घालता शिजवलेलं कोंबडीचं मटण यांनी आणि पोरानं खाल्लं. आई माळकरी, तिनं आणि मी भात-सांबार घेतलं. आदिवासी संग्रहालय लहान आहे, पण मातीच्या घरांतली भांडी, जाती, सुपं बघून आई प्रत्येक वस्तूचं मराठी नाव सांगत होती.

दिवस चौथा: बोर्रा गुहा

परतीला गाडी ठरवून अनंतगिरीच्या घाटानं उतरलो, वाटेत बोर्रा. या दिवसासाठी मी पुन्हा जाईन.

चुनखडीच्या डोंगरात पाण्यानं कोरलेली ही गुहा. तोंड एवढं मोठं की आत गेल्यावर काही वेळ आपण गुहेत आहोत असं वाटत नाही. मग पायऱ्या खाली जातात आणि अंधार घट्ट होतो. छतातून खाली आलेले चुन्याचे लोंब, जमिनीतून वर आलेले खांब. दोघं एकमेकांकडं वाढत असतात. एका जागी वरचं टोक आणि खालचं टोक यांत वीतभर अंतर होतं. वरच्या टोकाला एक थेंब तयार झाला, फुगला, लोंबला, आणि पडला. पुढचा थेंब यायला मी मनात मोजत राहिले, चाळीस झाले. त्या एका थेंबातला चुना किती, आणि हा खांब उभा राहायला थेंब किती! वर्गात ‘निक्षेपण’ शिकवताना मी खडूनं दोन त्रिकोण काढते. यापुढं हा थेंब सांगणार.

गावकरी सांगतात ती गोष्ट अशी, की एक गाय वरच्या भोकातून आत पडली, गुराखी शोधत आला तेव्हा त्याला आत शिवलिंग सापडलं. नदीचं नाव गोस्तनी, गायीचे स्तन. छताच्या लोंबांकडं बघितलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. ही नदी गुहेखालून वाहते. पुढं तिच्यावर ताटिपूडीचं धरण आहे, त्यातलं पाणी विशाखापट्टणमला जातं. आणि उरलेली नदी भीमुनिपट्टणमला समुद्राला मिळते. हे मला गाडीचालकानं सांगितलं तेव्हा मी उद्याचा बेत तिथल्या तिथं बदलला. दुकानं वगैरे राहू दे. एक तरी नदी आम्ही डोंगरापासून समुद्रापर्यंत बघायची.

दिवस पाचवा: तोट्लकोंडा आणि गोस्तनीचं मुख

भीमुनिपट्टणमला, म्हणजे भीमिलीला जाणारा रस्ता समुद्राला धरूनच जातो. जेमतेम तीस किलोमीटर. वाटेत तोट्लकोंडा. बहुतेक सहलवाले इथं थांबत नाहीत, आपण थांबावं.

समुद्राला लागून सव्वाशे मीटरच्या आसपास उंचीची टेकडी, वर बौद्ध विहाराचे अवशेष. स्तूपाचे पाये, भिक्खूंच्या खोल्यांच्या रांगा, सभामंडप. नौदलाच्या हवाई पाहणीत ही जागा लक्षात आली आणि १९८८नंतर उत्खनन झालं. रोमन नाणी मिळाली, आणि सातवाहनांचीही. सातवाहनांची राजधानी पैठण! गोदाकाठच्या आमच्या पैठणच्या राजांचं नाणं दोन हजार वर्षांपूर्वी या टेकडीवर कुणाच्या तरी हातात होतं.

तोट्लकोंडा हे नाव खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांवरून पडलं. ती टाकी अजून आहेत. समोर नजर जाईल तिथवर समुद्र, आणि त्यातला एक थेंब पिता येत नाही म्हणून त्या लोकांनी पावसाचं पाणी साठवायला खडक फोडला. टाक्याच्या कडेला बसून मी हात फिरवला. छिन्नीचे घाव जाणवत होते. आपल्याकडं अजिंठ्याला लेण्यांच्या दाराशी अशीच टाकी आहेत. आमच्या गावात छतावरचं पाणी साठवायला अजून किती घरं तयार आहेत, हा विचार तिथं आल्यावाचून राहिला नाही. यांनी मोबाइलवर टाक्याची मापं लिहून घेतली.

पुढं लाल वाळूच्या टेकड्या, एर्र मट्टी दिब्बलु. काळ्या मातीत वाढलेल्या पोराला ती कुंकवाच्या रंगाची माती खरी वाटेना. पावसानं तिला घळी पडल्या आहेत. चढू नका, माती ठिसूळ आहे आणि संरक्षित आहे.

भीमिलीत डचांची जुनी दफनभूमी आहे, दीपगृह आहे. आम्ही सरळ नदीवर गेलो.

गोस्तनी इथं रुंद आणि संथ होते, वाळूच्या पट्ट्याला वळसा घालून समुद्रात शिरते. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत टाकलेली. जिथं लाट नदीत घुसते तिथं आई गेली, ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. “खारट.” मग ती काठाकाठानं वर चालायला लागली. पन्नास पावलांवर पुन्हा ओंजळ. “खारटच.” आणखी पुढं, होड्यांच्या पलीकडं, पुन्हा. आता तिनं जरा थांबून चव बघितली. “मचूळ लागायलंय.” एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्याला तिनं विचारलं, मंची नीळ्ळु, गोडं पाणी कुठपासून? त्यानं सुई थांबवून हातानं वर पुलाच्या पलीकडं दाखवलं आणि सांगितलं, भरतीवर आहे अम्मा, रोज जागा बदलते.

संध्याकाळची गाडी गाठायची होती, चालक हॉर्न वाजवत होता. पोरगं आजीच्या मागून प्रत्येक जागेची चव घेत आलं होतं. “आजी, पुलापर्यंत जाऊ या ना,” म्हणालं. आईनं चपला हातात घेतल्या होत्या, त्या तशाच ठेवून ती माझ्याकडं बघत उभी राहिली. यांनी घड्याळ बघितलं आणि चालकाला हात करून सांगितलं, दहा मिनिटं थांब.